उतरणीची जागा

७ मार्च

प्रिय भाऊजी,

मोठी म्हणून आशीर्वाद लिहायला हवेत, पण ते वाचून तुम्ही नाक मुरडाल. म्हणून नुसतंच विचारते, बरे आहात ना? जेवण वेळेवर होतं ना? आम्ही इकडे आहोत तसे आहोत.

फोन तुम्ही उचलत नाही. चुकून उचललात तर ‘गोदामात फार आवाज आहे, वहिनी’ म्हणून ठेवून देता. पत्रात आवाज नसतो, म्हणून लिहायला बसले. दुपारची वेळ आहे, तुमचे दादा पडलेत आणि दुकानात चिटपाखरू नाही.

दुकान चालू आहे असं म्हणायचं. सकाळी मी शटर वर करते, संध्याकाळी खाली ओढते. मधे कुणी हवेचं सिलिंडर भरायला आलं तर भरून देते. डायव्हिंग शिकायचंय म्हणून कुणी विचारलं तर तरणतलावावरच्या सरांकडे पाठवते. ते तलावात शिकवतात, पण त्यापुढे समुद्रात न्यायला आता आपल्याकडे कुणी नाही. भाड्यानं द्यायचे रबरी सूट ओल धरून बसलेत. आठवड्यातून एकदा काढून बाहेर दोरीवर टाकते. परवा समोरचा चष्मेवाला म्हणाला, “वहिनी, लांबून वाटतं माणसंच वाळत घातलीत.” मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून सांगते.

दादांचं काय सांगू? जखम केव्हाच भरली. गुडघ्याच्या वरपासून उजवा पाय नाही, याची त्यांच्या शरीराला सवय झाली, त्यांना नाही झाली. नकली पाय कपाटात उभा आहे. व्यायाम करून घ्यायला एक ताई येतात. त्यांच्यासमोर निमूटपणे सगळं करतात आणि त्या गेल्या की भिंतीकडे तोंड. खोली त्यांनी मुद्दाम मागची मागून घेतली, गल्लीकडे खिडकी असलेली. तिथून समुद्र दिसत नाही. उठवा, बसवा, न्हाऊ घाला, यात दिवस जातो. माझा खांदा जरा धरलाय. ते असो.

तर झालं असं. परवा मी त्यांची नखं कापत होते. पायाची कापून झाली आणि सवयीनं माझा हात दुसऱ्या पायाकडे गेला. आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मी नेलकटर खाली ठेवलं. मग ते म्हणाले, “मला एकदा पाण्यात ने.”

मला वाटलं, न्हाणीत. तसं मी म्हटलंही.

“समुद्रात,” ते म्हणाले. “खाली.”

भाऊजी, तो अपघात झाल्यापासून या माणसानं आपण होऊन मागितलेली ही पहिली गोष्ट. पाणी प्यायला द्या असंसुद्धा ते मागत नाहीत, मी देईन तेव्हा पितात. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, डायव्हरांना तपासतात त्या. फुप्फुसं, कान, रक्तदाब, सगळं पाहिलं. म्हणाल्या, हरकत नाही, मात्र उथळ पाण्यात, किनाऱ्यावरूनच, आणि बरोबर दोन जाणती माणसं हवीत, एक नाही. वर म्हणाल्या, “यांना वाटेल आपल्याला सगळं येतं. पण एका पायाचा तोल वेगळा असतो. तुम्ही यांना नवशिकेच समजा.” दादांनी मान डोलावली. त्यांच्या हाताखालून किती नवशिके गेले असतील, आणि आता ते स्वतःच त्या रांगेत.

म्हणून विचारते, जागा कुठली घेऊ? आधी हे काम तुमचं होतं. दादा फक्त म्हणायचे, “बारक्या, कुठं आणि कधी?” आणि तुम्ही चहाचा कप तोंडाला लावून भरती-ओहोटीचा हिशेब सांगून मोकळे व्हायचा. मला तेवढं येत नाही. दीपगृहाखालच्या खडकांत पाणी स्वच्छ असतं, पण ओहोटी लागली की तिथली ओढ टोकाला वळसा घालून थेट बाहेर नेते, हे मलाही कळतं. शिवाय खडकांवरून त्यांना उचलून न्यायचं कसं? खाडीच्या तोंडाशी वाळू आहे, पण पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. नवशिक्याला आधी दिसायला हवं, घाबरायला जागाच ठेवायची नाही, असं दादाच शिकवायचे. राहता राहिली धक्क्याच्या भिंतीआडची जागा. तिथं पायऱ्या आहेत, कठडा आहे, वाराही लागत नाही. माझा कल तिकडं आहे.

या तीनच जागा मला सुचतात. तुम्हाला आणखी कुठली सुचत असेल तर कळवा. दोन जाणती माणसं म्हणजे सर आणि मी, मला दादांनीच शिकवलंय. सरांना सुट्टी कधी मिळते त्यावर दिवस ठरवू.

वहिनी


२९ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, नुसती एक ओळ. ‘उतरण. भांगाचे दिवस. भरती थांबते तेव्हा.’ अक्षर ओळखलं नसतं तर वाटलं असतं, पोस्टमननं चुकीच्या घरात टाकलं.

पण ते पोहोचायच्या आधी आम्ही जाऊन आलो होतो. कसे गेलो ते लिहिते. दादांनी कुणाला सांगू नको म्हटलंय. तुम्ही ‘कुणी’त येता की नाही ते मला माहीत नाही. येत नाही असं मी धरते.

सरांची सुट्टी अमावास्येला लागून आली, म्हणजे ऐन उधाणात. मला कळायला हवं होतं. त्या दिवसांत पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार, म्हणून ओढ जास्त. पण माणसांची सोय पाहिली, पाण्याची पाहिलीच नाही. खालच्या तीन-चार पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या आणि शेवाळलेल्या. सरांनी दादांना पाठुंगळी घेतलं, मी मागून धरलं. लाट मोठी नव्हती, पण भिंतीवर आपटून परत येत होती, त्यामुळे पाणी नुसतं डुचमळत होतं. तरी दादा म्हणाले, “ठीक आहे, चला.” मास्क लावला, नळी तोंडात घेतली आणि खाली गेलो.

फार खाली नाही हो. उभं राहिलं तर डोकं वर येईल एवढंच पाणी. त्यांनी पाय मारला. म्हणजे त्यांना वाटलं दोन्ही मारले. एकच होता, त्यामुळे ते गर्रकन कुशीवर फिरले. सावरायला पुन्हा मारला, पुन्हा फिरले. तेवढ्यात परतीच्या लाटेनं त्यांना भिंतीकडे ढकललं. मास्कमध्ये पाणी शिरलं. मास्कमधलं पाणी नाकानं कसं बाहेर काढायचं हे ज्यांनी अख्ख्या गावाला शिकवलं, त्यांना ते आठवेना. त्यांनी माझा दंड धरला. भाऊजी, तो हात मी ओळखला नाही. बुडणाऱ्याचा हात होता तो.

वर काढलं. पायरीवर बसून खोकत होते. सर समजूत घालायला म्हणाले, “पहिल्यांदा होतं असं सगळ्यांचं.” दादा म्हणाले, “माझं पहिल्यांदा नव्हतं.” आठवडाभर पुन्हा भिंतीकडे तोंड.

मग तुमचं कार्ड आलं. मी ते दोन दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवलं. कारण तुम्हीही जाणता आणि मीही. चौथी जागा मला सुचली नव्हती असं नाही. नवशिक्यासाठी उतरणीसारखी जागा या किनाऱ्यावर दुसरी नाही. होड्या ओढायला केलेला तो सिमेंटचा उतार, दोन्ही बाजूंना बुटकी भिंत, खाली हळूहळू खोल होत जाणारी वाळू, तिन्हीकडून आडोसा. भरतीला पाणी अर्ध्या उतारापर्यंत वर येतं, म्हणजे माणसाला लांब उचलून न्यायला नको. जिथून शिरायचं तिथूनच निघायचं. सगळं ठाऊक होतं, तरी ते नाव माझ्या हातून कागदावर उतरेना.

त्या दिवशी मी दुकानात होते. तिथं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. गाडी उताराच्या वरच्या टोकाला उभी होती, दादा खाली भिंतीला टेकून पायात पोहायचे फिन चढवत होते, तुम्ही मागच्या दारातून सिलिंडर काढत होता. पुढचं तुम्ही पोलिसांना सांगितलंत, डॉक्टरांना सांगितलंत, मला सांगितलंत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलंत. मेकॅनिकनं हँडब्रेकची गंजून तुटलेली केबल तुमच्या हातात दिली, तरी तुम्ही मान हलवत राहिलात. ‘मी चाकामागे दगड लावायला हवा होता, वहिनी.’ हेच वाक्य, जेवतानाही तेच. आणि दादांना इस्पितळातून घरी आणलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. समुद्राचा वासही येणार नाही अशा गावी, गोदामात खोकी मोजायला.

माझा राग होता, खोटं कशाला लिहू? लोकांना वाटलं गाडीचा असेल. गाडीचा नव्हता, दगडाचाही नव्हता. दादांचा एक पाय गेला आणि तुमचे दोन्ही पाय घर सोडून निघून गेले, त्याचा होता. दोन भावांना मिळून तीन पाय पुरले असते. तुम्ही मला दोघांचंही करायला ठेवलंत.

लिहिलं खरं. आता खोडत नाही.

कार्ड काल दादांना दाखवलं. त्यांनी वाचलं, उलटं करून पाहिलं, कोरी बाजूसुद्धा बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “उधाणात नेलंस तू मला. बारक्यानं नेलं नसतं.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण तुमचं नाव त्यांच्या तोंडून इतक्या दिवसांनी ऐकलं, की मी उठून चहाच टाकला.

चंद्र पुन्हा अर्धा होईल तेव्हा पाण्याची चढउतार अगदी कमी असेल, तेच भांगाचे दिवस ना? सरांना तसं सांगून ठेवलंय. या वेळी त्यांनी सुट्टी पाण्याकडे बघून घ्यायची.

वहिनी


१३ एप्रिल

प्रिय भाऊजी,

शनिवारी जाऊन आलो. आज लिहिते, कारण काल माझा हात वर होत नव्हता.

सकाळी लवकर निघालो, वारा उठायच्या आधी. दादा गाडीत पुढे बसले होते. उतरणीच्या वर पोहोचलो तेव्हा सरांनी गाडी लांब, सपाट रस्त्यावर उभी केली. चाकाची खुर्ची उताराच्या तोंडापर्यंत नेली आणि मी थांबले. दादा डाव्या भिंतीकडे बघत होते, त्याच जागेकडे. म्हटलं, आता ‘परत चला’ म्हणतील आणि मी एका शब्दानं अडवणार नाही.

ते म्हणाले, “भिंत रंगवलेली दिसते.”

“हो,” सर म्हणाले. “गेल्या वर्षी.”

“रंग टिकायचा नाही. खारा वारा आहे.” आणि हातानं खूण केली, पुढे चला.

पाणी अगदी जवळ आलेलं होतं. लाट म्हणावी अशी नव्हतीच, पाणी उतारावर नुसतं श्वास घेत होतं. या वेळी मी डॉक्टरांचं ऐकलं होतं. सरांबरोबर त्यांना आधी तलावात तीनदा नेलं, आणि शिशाचं वजन कुठं बांधायचं ते तिथंच ठरवलं. गेलेल्या पायाच्या बाजूला जास्त, असलेल्या बाजूला कमी. दादा तलावात माझ्यावर खेकसले, “मला शिकवतेस?” मी म्हटलं, “हो.” मग त्यांनी वजन बांधू दिलं.

कमरेएवढ्या पाण्यात त्यांना आडवं केलं. सर उजवीकडे, मी डावीकडे. खाली गेलो. त्यांनी पाय मारला नाही. दोन्ही हात पसरले आणि नुसते तरंगत राहिले, वाळूपासून हातभर वर. फिरले नाहीत. मी त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होते, दुसरं काही दिसतच नव्हतं मला. आधी ते मोठे झालेले होते. मग हळूहळू नेहमीसारखे झाले. मग त्यांनी मला अंगठा आणि बोट जुळवून खूण केली, ठीक आहे. नवशिक्या माणसानं शिक्षकाला करावी तशी.

तुम्ही सांगितलेली वेळ बरोबर होती. वाळूत ते लांब गवत आहे ना, ते सरळ उभं होतं, ना आत झुकलेलं ना बाहेर. पाणी थांबलेलं होतं. दादा त्या गवतावरून हातांनी पुढे सरकत गेले. मधेच थांबले आणि बोट दाखवलं. मला वाळूशिवाय काही दिसेना. त्यांनी बोट आणखी जवळ नेलं, तेव्हा वाळूचाच एक तुकडा उठला आणि पळाला. चपटा मासा होता. दादा हसले, मास्कच्या कडेनं बुडबुडे निघाले. घरात मी त्यांना उचलते तेव्हा किती जड लागतात ते. तिथं ते कुणालाच जड नव्हते. मलाही नाही, स्वतःलाही नाही.

मग गवताची टोकं बाहेरच्या बाजूला कलू लागली. ओहोटी सुरू झाली होती. मी खूण केली, परत. त्यांनी मान हलवली. पुन्हा खूण केली. पुन्हा नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजी, मी त्यांचा हात धरला आणि ओढलं. तो माणूस किती दिवसांनी कुठंतरी राहायचं म्हणत होता, आणि मी त्याला तिथून ओढत आणत होते. पण आणलं. उतरणीच्या पाण्यात बसवलं तेव्हा माझ्या खांद्यात असं काही तुटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टर म्हणतात, स्नायू फाटलाय. बरेच आठवडे काही उचलायचं नाही.

सर सिलिंडर घेऊन वर गेले. म्हणाले, खुर्ची घेऊन येतो. खुर्चीचं एक चाक रस्त्याच्या कडेच्या वाळूत रुतलं होतं आणि ते काही केल्या निघेना. आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतारावर बसलो होतो. पाणी खाली चाललं होतं. हळूहळू कमरेवरून मांडीवर आलं. मला त्यांना उचलता येत नव्हतं, त्यांना उठता येत नव्हतं. वरून सरांची चाकाशी झटापट ऐकू येत होती. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही दोन माणसं समुद्रानं नको म्हणून टाकून दिलीत.

दादा म्हणाले, “तो पाण्यात जातो का?”

“कोण?” मी उगीचच विचारलं.

“बारक्या.”

“त्यांच्या गावात समुद्र नाही.”

“म्हणूनच गेलाय तिकडं.” त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, सोडून दिलं. “तलाव तरी असेल. तलावातही जात नसेल तो. मी ओळखतो त्याला. अंघोळसुद्धा बादलीनं उरकत असेल.”

माझा हात लोंबकळत होता.

“पुढच्या वेळी,” ते म्हणाले, “दुसरं माणूस कोण?”

“मी आहे की.”

“तू नाहीस.” माझ्या खांद्याकडे त्यांनी पाहिलं. त्यांना कळलं होतं. “तू थकलीस. तुला मी रोज बघतो. माझं तोंड भिंतीकडे असतं म्हणून मला दिसत नाही असं वाटतं तुला.”

भाऊजी, तेव्हा मी रडले. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि मग सर खुर्ची घेऊन आले.

हे सगळं लिहिलं, आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. पहिल्या पत्रातही लिहायचं होतं, दुसऱ्यातही. फेब्रुवारीत एकदा मी बाजाराची पिशवी घेऊन निघाले आणि बसस्टँडवर जाऊन बसले. बहिणीच्या गावची गाडी लागली, माणसं चढली, गाडी सुटली. मी चढले नाही. का चढले नाही ते माहीत नाही, प्रेमानं म्हणावं तर तेवढीही ताकद नव्हती. भाजी घेऊन घरी आले. कुणाला कळलं नाही. दादांना शनिवारी संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, “चढायचं होतंस.” रागानं नाही म्हणाले.

म्हणून आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. या शुक्रवारी मी बहिणीकडे जाते. खांदा बरा होईपर्यंत तिथंच. झोपणार आहे, बाकी काही करणार नाही. सकाळी व्यायामाच्या ताई येतील, दुपारी चष्मेवाला डोकावेल, शनिवार-रविवार सर आहेत. पण उरलेल्या वेळेला घरात माणूस हवं, आणि महिनाअखेरीला पुन्हा भांगाचे दिवस येतायत तेव्हा पाण्यातही दुसरं माणूस हवं. दादांना मी विचारलं, कुणाला बोलावू? ते म्हणाले, “त्याला लिही. ये म्हणू नकोस. कुठं आणि कधी, एवढंच विचार.”

तर विचारते. कुठं, ते तुम्हीच सांगितलंत. कधी, तेही. फक्त कार्डावर पाठवू नका.

दादांनी माफ केलंय का, असा प्रश्न तुमच्या मनात असेल तर तो मी त्यांना विचारलेला नाही आणि विचारणार नाही. उचलायचं कसं, वजन कुठं बांधायचं, हे सर दाखवतील. पाण्यात बोलता येत नाही, ही मोठी सोय आहे. वर आल्यावर बोला किंवा बोलू नका.

मी परत येणार आहे. दादांना तसं सांगितलंय, तुम्हालाही लिहून देते. या घरातून बाहेर पडलेलं माणूस परत येतं, हे कुणीतरी करून दाखवायला हवं. माझ्या आधी तुम्ही दाखवलंत, तर मला तिकडं झोप लागेल.

तुमच्यावर रागावलेली, आणि तुमच्याच भरवशावर निघालेली,

वहिनी